ब्रेन ट्युमरच्या पेशी 'स्वतःच मरतात' ती जीन थेरपी, मामांसाठी मिळेल का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले कोण डॉक्टर, नर्स, लॅबवाले इथे असतील तर प्लीज पूर्ण वाचा, आणि ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी पण लिहा.

माझे मामा, वय ५७, शेतकरी. आधी उजवा हात जड पडायला लागला, मग बोलताना शब्दच सापडेनात, "ते आण की... ते..." म्हणायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे. आम्हाला वाटलं बीपीचं असेल. मग एके दिवशी सकाळी गोठ्यातच फिट आली. बेळगावात एमआरआय केला तर मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन झालं, बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर), आयडीएच वाइल्डटाइप (म्हणजे आयडीएच जीनमध्ये बदल नाही), ग्रेड ४ असं आलंय. डॉक्टर म्हणाले जेवढी सुरक्षितपणे काढता येत होती तेवढी काढलीय, आता जखम भरली की रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या एकदमच सुरू करायच्या.

आता माझा प्रश्न. पुण्याच्या मावसभावाने एक लेख पाठवलाय, त्यात लिहिलंय की व्हायरसमधून एक जीन ट्युमरमध्ये सोडतात आणि मग ट्युमरच्या पेशी स्वतःच मरतात, चांगल्या पेशींना काही होत नाही. ते वाचून घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात ओळखीतनं एकजण फोनवर भेटला, नाव लिहीत नाही, तो म्हणतोय बाहेर देशात ही थेरपी करून देतो, आधी ॲडव्हान्स भरा, रक्कम ऐकून मामी म्हणालीत रस्त्याकडचं शेत काढूया. आणि वर तो सांगालाय की रेडिएशन घेऊ नका, एकदा रेडिएशन झालं की जीन थेरपी लागू पडत नाही. आता घरात दोन तट पडलेत. मामा स्वतः काय बोलत नाहीत, नुसतं ऐकून घेतात.

हे पेशी मरण्याचं खरं आहे का? भारतात कुठे मिळतं का? आणि रेडिएशन थांबवायचं का? लवकर सांगा, तारीख जवळ आलीय.

सूक्ष्मदर्शक (शहापूर, बेळगाव)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: रेडिएशन थांबवू नका. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला लागतं, आणि हा ट्युमर वाट बघत बसणारा नाही.

मी डॉक्टर नाही, बेंगळुरूला लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करतो, त्यामुळे पेशींबद्दल सांगू शकतो, मामांच्या उपचाराचा निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील. सविस्तर लिहितो कारण तुमच्या भावाने पाठवलेली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी कळली तर तुमच्या घरातलं भांडण मिटेल असं मला वाटतं.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची यंत्रणा असते, तिला अपॉप्टोसिस म्हणतात. डीएनए दुरुस्त होण्यापलीकडे बिघडला की पी५३ नावाचं प्रोटीन ते ओळखतं, पुढे कॅस्पेस नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी आतल्या आत कापली जाऊन तिचे छोटे छोटे तुकडे होतात, ते तुकडे शेजारच्या पेशी खाऊन टाकतात, सूज नाही की पू नाही. रोज आपल्या अंगात हे चाललेलं असतं. ग्लायोब्लास्टोमात ही पी५३ ची सगळी साखळी बहुतेक पेशंटमध्ये कुठे ना कुठे तुटलेली असते, म्हणून त्या पेशी मरायचं नावच घेत नाहीत. म्हणून मग शास्त्रज्ञांना वाटलं की मरण्याचा हुकूम बाहेरून आत पाठवता आला तर?

त्यातला सगळ्यात जुना प्रयोग म्हणजे हर्पिस व्हायरसमधली थायमिडिन कायनेज ही जीन. ही जीन ट्युमरच्या पेशीत घालायची आणि मग पेशंटला गॅन्सिक्लोव्हिर द्यायचं, हे साधं व्हायरसविरोधी औषध आहे. ज्या पेशीत ती जीन नाही तिला या औषधाने फारसं काही होत नाही. जिच्यात आहे ती पेशी स्वतःच त्या औषधाचं विष बनवते, ते विष नवीन डीएनए बनताना मध्ये जाऊन बसतं, डीएनएची साखळी तिथेच अडते आणि पेशी मरते. त्यात अजून एक चांगली गोष्ट होती, शेजारशेजारच्या पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा असतात, त्यातून ते विष जीन न मिळालेल्या शेजारच्या ट्युमर पेशीतही जातं आणि ती पण मरते. आणि जीन पोचवायला वापरलेला रेट्रोव्हायरस फक्त विभाजन होत असलेल्या पेशीतच काम करतो, मेंदूतले न्यूरॉन विभाजित होत नाहीत, म्हणजे ते वाचतात. कागदावर इतकी सुंदर कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही, खरं सांगतो. १९९२ मध्ये अमेरिकेत उंदरांच्या मेंदूतले ट्युमर यामुळे आटले आणि ते 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

मग माणसांवर मोठी ट्रायल झाली, २४८ नवीन पेशंट, निकाल २००० साली आला. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या जोडीला ही थेरपी दिलेले आणि न दिलेले, दोघांच्या आयुष्यात फरक पडला नाही. नंतर दुसरी जीन आली, सायटोसिन डीअमिनेज, ती पेशीच्या आत फ्लुसायटोसिन या बुरशीच्या औषधाचं केमोच्या औषधात रूपांतर करते. टोका ५११ नावाने त्याची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल झाली, ४०३ पेशंट, सगळे ट्युमर परत आलेले. २०२० साली निकाल छापला गेला, थेरपीवाल्या गटाचं मधलं आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले, निम्मे कमी) ११.१ महिने आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांचं १२.२ महिने. म्हणजे फायदा नाही.

का झालं असं? उंदराचा मेंदू केवढा आणि माणसाचा केवढा. ठिबकचं पाणी जसं भोकाजवळच मुरतं आणि दोन सऱ्यांच्या मधली माती कोरडी राहते, तसा सुईने सोडलेला व्हायरस टोचल्या जागेच्या आसपास काही मिलिमीटरच पसरतो. आणि ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी तर गाठीच्या बाहेर, एमआरआयला चांगल्या दिसणाऱ्या मेंदूत शिरलेल्या असतात. त्यात सगळ्या पेशी एकसारख्या पण नसतात, काही त्या वेळी विभाजित होत नसतात आणि त्याच मागे राहून परत वाढतात. पेशीला मारायची पद्धत बरोबर होती, सगळ्या पेशींपर्यंत पोचता आलं नाही.

काम थांबलेलं नाही हे पण सांगतो. जपानने जून २०२१ मध्ये डेलिटॅक्ट म्हणून एक औषध अटी घालून मंजूर केलं, ते हर्पिस व्हायरसच्याच तीन जीनमध्ये बदल करून बनवलंय, ते ट्युमरच्या पेशीत वाढून तिला फोडतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतं. टोकियो विद्यापीठाच्या टोमोकी तोडो यांचं ते काम. ज्या ट्रायलवर मंजुरी मिळाली त्यात १९ पेशंट होते आणि एका वर्षानंतर ८४.२ टक्के जिवंत होते. आकडा चांगला आहे, पण १९ जण आणि तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून मंजुरी पण सात वर्षांची, अटींसह.

आता हे नीट वाचा. जपानच्या त्या ट्रायलमधले पेशंट रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड घेऊन झालेले होते. टोका ५११ वाले तर ट्युमर परत आलेलेच होते. म्हणजे "रेडिएशन घेतलं की जीन थेरपी लागत नाही" हे त्या माणसाचं म्हणणं साफ खोटं आहे. उद्या खरंच एखाद्या ट्रायलमध्ये जायची वेळ आली तर आधी नेहमीचे उपचार झालेत का हेच पहिल्यांदा विचारतील.

निपाणीची लेक

सूक्ष्मदर्शक दादांनी चांगलं लिहिलंय, मी घरातलं लिहिते. माझ्या मोठ्या दिरांना हाच आजार झाला होता, त्यांचं सगळं मी आणि जाऊबाईंनी केलंय.

भाऊ, मामा नुसतं ऐकून घेतात म्हणालात ना, ते वाचून माझ्या पोटात कालवलं. आमचे भावजी पण असेच गप्प असायचे आणि आम्ही त्यांच्या उशापाशी बसून कुठे न्यायचं, किती पैसे, कुणाचं ऐकायचं असलं बोलत राहायचो, त्यांना सगळं कळत होतं, फक्त शब्द येत नव्हते. मामांना विचारा. हो की नाही एवढंच विचारा, मानेने उत्तर देता येईल असं विचारा. डाव्या बाजूची गाठ असली की बोलणं जाऊ शकतं, समज तेवढी जातेच असं नाही.

आणि ज्या गोष्टी आम्हाला कुणी आधी सांगितल्या नाहीत त्या सांगते. डेक्सा म्हणून सूज कमी करायची स्टिरॉइडची गोळी असेल, तिने भूक प्रचंड लागते, झोप उडते, साखर वाढते. भावजींना शुगर नव्हती तरी वाढली. घरी ग्लुकोमीटर आणून ठेवा आणि ती गोळी मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. फिटच्या गोळीने आमच्याकडे चिडचिड वाढली होती, ताट सरकवून द्यायचे, सगळे म्हणायचे आजारपणाने स्वभाव बदलला, पण डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलून दिली आणि माणूस परत पहिल्यासारखा बोलायला लागला. म्हणून स्वभावात काय फरक पडला तर ते पण डॉक्टरांना सांगायचं असतं.

रेडिएशनला जाळीचा मास्क करतात, गरम पाण्यातून काढून तोंडावर बसवतात, मग तो कडक होतो आणि रोज तोच घालून टेबलाला अडकवतात. बाहेर आले की भावजींच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे, अर्ध्या तासाने जायचे. पहिल्या दिवशी ते बघून जाऊबाई रडल्या. दुखत नाही त्याने, पण मामांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरायचे नाहीत.

शेत विकू नका. हे मी हात जोडून सांगते.

हिंडलगा रेडिओ

मी लिनॅकवर, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनवर टेक्निशियन आहे. ताई बरोबर सांगालेत, मास्क घालायच्या आधी पेशंटला घट्ट वाटतंय का विचारतो आम्ही, श्वास नीट घेता येतो, आणि आत कॅमेरा असतो, हात वर केला की लगेच थांबवतो. मामांचा उजवा हात जड आहे तर डावा हात वर करायचा हे पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाला सांगून ठेवा.

नेहमीचा कोर्स ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप), ३० भागात, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. वय जास्त आणि तब्येत नाजूक असेल तर १५ भागांचा पण असतो, पण ५७ ला बहुतेक पूर्णच देतात. खानापूरहून रोज येजा करायची झाली तर सकाळचा स्लॉट मागून घ्या, दुपारी मशीन लेट चालतं आणि मग परतीची बस चुकते. मधे गॅप पडू देऊ नका, लग्न, जत्रा काही असो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मामींना बसवून सूक्ष्मदर्शक सरांचं पूर्ण वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या मग गोळ्या आणि करंट (रेडिएशन) देऊन तरी पेशी मरतात का, का नुसतं द्यायचं म्हणून देतात? मला नीट सांगता आलं नाही. आणि मावसभाऊ म्हणतोय टाटा हॉस्पिटल आणि आयआयटीने मुंबईत जीन थेरपी सुरू केलीय ती का नको?

सूक्ष्मदर्शक (शहापूर, बेळगाव)

मामींनी फार नेमका प्रश्न विचारलाय. त्यांना सांगा, होय, त्यानेच मरतात. टेमोझोलोमाइड ट्युमरच्या डीएनएवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतं, पेशी विभाजित व्हायला गेली की ती चूक दुरुस्त करता करता डीएनए तुटतो, आणि पेशी त्याच अपॉप्टोसिसच्या रस्त्याने मरते. रेडिएशन पण डीएनएच तोडतं. म्हणजे लेखात वाचलेलं पेशी मरणं मामांना या गोळीतून आणि त्या मशीनमधून मिळणारच आहे. जीन थेरपीचा हेतू तोच, रस्ता वेगळा, आणि या रस्त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. २००५ साली ५७३ पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी १०.४ टक्के जिवंत होते, जोडीला ही गोळी घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के. हे आकडे मोठे नाहीत, आजार वाईटच आहे, ते मी झाकून ठेवत नाही. पण जीन थेरपीच्या कुठल्याही मोठ्या तुलनात्मक ट्रायलने ग्लायोब्लास्टोमात अजून एवढं करून दाखवलेलं नाही.

इथे एक टेस्ट महत्त्वाची आहे, एमजीएमटी मिथायलेशन. एमजीएमटी हे प्रोटीन गोळीने केलेलं नुकसान दुरुस्त करून टाकतं. ट्युमरमध्ये त्याची जीन मिथायलेशनने बंद पडलेली असेल तर गोळी जास्त लागू पडते. बायोप्सीच्या रिपोर्टात हे नसेल तर डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, त्यावरच ही टेस्ट होते, परत काही कापावं लागत नाही. दुसरं मत घ्यायचं झालं तरी तोच ब्लॉक, स्लाइड आणि एमआरआयची सीडी लागते. त्यासाठी मामांना उचलून बेंगळुरूला निम्हान्स हॉस्पिटलला किंवा मुंबईला नेलंच पाहिजे असं नाही, बेंगळुरूला तर घरातला एकजण रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने कागद घेऊन जाऊ शकतो. टाटाचं 'नव्या' नावाने ऑनलाइन सेकंड ओपिनियन पण आहे. पण हे सगळं रेडिएशन चालू ठेवून करायचं.

आयआयटी मुंबई आणि टाटाचं जे आहे ते नेक्सकार१९, कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींत नवी जीन घालून त्या कॅन्सरवर सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आपल्या देशासाठी खरोखर अभिमानाची गोष्ट. पण ते रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे, बी-पेशींवरच्या सीडी१९ या खुणेवर ते हल्ला करतं. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीवर ती खूणच नसते.

सीमाभाग मास्तर (येळ्ळूर)

पैशाचं मी सांगतो, कारण माणसं शेत विकतात ती बऱ्याचदा योजना माहीत नसते म्हणून. कर्नाटकची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना, बीपीएल रेशन कार्ड असेल तर घराला वर्षाला पाच लाखापर्यंत. कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागेल का ते आधीच विचारून घ्या. भाषा अडली तर गावातल्या कन्नड येणाऱ्या पोराला बरोबर न्या, तिथे लाज धरू नका. शिवाय आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करतो असं महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, तुमचं गाव त्या यादीत असेल तर कोल्हापूर-मिरजेकडच्या हॉस्पिटलात त्याचीही चौकशी करा.

आणि त्या फोनवाल्याबद्दल. आपल्या देशात औषधाची कुठलीही ट्रायल असू दे, ती सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, वेबसाइट कुणालाही बघता येते. त्याला विचारा, ट्रायल असेल तर नोंदणी नंबर दे. बाहेर देशातली म्हणत असेल तर तिथल्या रजिस्टरचा नंबर दे, हॉस्पिटलचं आणि डॉक्टरचं नाव दे. खऱ्या ट्रायलमध्ये तपासणीखालच्या औषधासाठी पेशंटकडून ॲडव्हान्स मागत नाहीत, आणि पेशंटला समजेल त्या भाषेत संमतीपत्र देतात, मराठीत मागायचा तुमचा हक्क आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

त्याला नंबर विचारला. आधी म्हणाला पाठवतो, मग म्हणाला हे कॉन्फिडेन्शियल असतं, आता फोन उचलत नाही.

मामांना निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसं विचारलं. "इथलेच उपचार घ्यायचे?" मान हलवली. "शेत?" म्हटल्यावर डाव्या हाताने जोरात नाही केलं, मामी उठून आत गेल्या. रेडिएशन सोमवारपासून. ब्लॉक मागायचा अर्ज दिलाय, एमजीएमटीला पाठवतील.

एकच शंका राहिलीय. शनिवार-रविवार मशीन बंद असतं तर त्या दिवशी गोळी पण बंद ठेवायची का? आणि उलटी झाली तर परत द्यायची का?

निपाणीची लेक

नाही भाऊ, रेडिएशन चालू असताना आमच्याकडे गोळी रोज होती, शनिवार-रविवार धरून. तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा आणि सोमवारी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. उपाशीपोटी, रेडिएशनच्या तासभर आधी, आणि त्याच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. उलटी झाली तर त्या दिवशी परत द्यायची नाही, दुसऱ्या दिवशीची वेळेवर द्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. दर आठवड्याला रक्त तपासतील, त्यात प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी बघतात, कमी झाल्या तर गोळी काही दिवस थांबवतात, तेव्हा घाबरू नका. ताप आला तर मात्र रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका.

हिंडलगा रेडिओ

मास्क आणि प्लॅनिंग सीटी (रेडिएशन कुठे द्यायचं ते ठरवायचा स्कॅन) आधी झालं असेल तर सोमवारी तासाभरात मोकळे व्हाल. पुढे घट्ट कॉलरचा शर्ट घालून आणू नका, डोक्याला तेल लावू नका. फाइल आणि मास्कवर नाव बरोबर लिहिलंय का तेवढं स्वतः बघून घ्या.